दोन वाजताची मुलाखत

काउंटरवरच्या माणसानं ग्रेडीचं लायसन्स दोन बोटांनी त्याच्याकडे परत सरकवलं.

"पंचवीस पूर्ण नाहीत. गाडी भाड्यानं देता येणार नाही."

"अहो, पण विमान रद्द झालंय. मला दोन वाजता नॉर्थवेलला मुलाखतीला पोचायचंय."

"मग तीन वर्षं आधी जन्माला यायचं होतंस," तो माणूस म्हणाला आणि रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहू लागला.

ग्रेडी बाजूला झाला नाही. बाजूला होऊन जायचं कुठं, तेच त्याला कळेना. काचेबाहेर मिनियापोलिसच्या विमानतळावर बर्फ आडवा पडत होता आणि उत्तरेकडे जाणारी सगळी विमानं फलकावरून एकेक करून पुसली जात होती. नोव्हेंबरपासून तो मेडिकल कॉलेजांच्या मुलाखती देत देश पालथा घालत होता. कुठल्या दिवशी कुठलं विमान, मुक्काम कुणाकडे, सूट इस्त्रीला कुठं टाकायचा, याचा तक्ता आईनं फ्रीजवर लावला होता आणि प्रत्येक मुलाखतीनंतर त्यावर ती हिरवी टिकली चिकटवायची. टिकल्या भरपूर झाल्या. प्रवेश एकही झाला नाही. काहींनी सरळ नकार कळवला, बाकीच्यांनी प्रतीक्षायादीत टाकलं, म्हणजे नकारच, फक्त गोड बोलून. नॉर्थवेलचं आडगावातलं कॉलेज हे शेवटचं. ते त्यानं यादीत कशाला ठेवलंय म्हणून घरी सगळे हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

गुणांना कुणी नाव ठेवलं नव्हतं. ओहायोतल्या एका प्राध्यापिकेनं त्याला दारापर्यंत सोडताना मायेनं सांगितलं होतं, "तुझं सगळं छान आहे रे. फक्त तुझ्या आयुष्यात अजून काही घडलेलं दिसत नाही." बाप दातांचा डॉक्टर, घर तळ्याकाठी, दोन्हीकडचे आजी-आजोबा ठणठणीत. यात त्याचा काय दोष होता? पण शिक्षा मात्र त्यालाच होत होती, आणि त्या बाईचं ते मऊ वाक्य तो अजून विसरला नव्हता.

"नॉर्थवेलला ना? मेडिकलला?" मागून एका बाईचा आवाज आला.

त्यानं वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत बर्फाचे बूट, वर जाडजूड कोट आणि त्याखालून डोकावणारा नवाकोरा काळा स्कर्ट.

"काळा सूट, काळी फाइल आणि उतरलेला चेहरा," ती म्हणाली. "आणखी कुठं चालला असशील? मलाही दोनचीच वेळ दिलीय." मग तिनं आपलं लायसन्स काउंटरवर ठेवलं. "चौतीस पूर्ण आहेत माझी. बघ बाबा, पुरतात का."

ती रोंडा. आयोवातल्या एका खेड्यात शाळेत विज्ञान शिकवायची. तिची स्वतःची गाडी गावाबाहेर काढण्याच्या लायकीची नव्हती, म्हणून आदल्या दिवशी बसनं मिनियापोलिसला येऊन ती इथल्याच एका बाकावर झोपली होती. मेडिकलला अर्ज करण्याचं तिचं हे तिसरं वर्ष, आणि मुलाखतीचं बोलावणं हे पहिलंच. यंदा झालं नाही तर नाद सोडायचा, असं तिनं नवऱ्याला कबूल केलं होतं. हे सगळं शहराची हद्द ओलांडायच्या आत तिनं सांगून टाकलं.

"मॅडम, तुम्हाला बर्फात गाडीची सवय आहे ना?" ग्रेडीनं विचारलं. पट्टा त्यानं दोनदा तपासला होता.

"मॅडम मला शाळेतली कार्टी म्हणतात. रोंडा म्हण. आणि घाबरू नकोस, मेलास तर मुलाखतीच्या आधीच मरशील, तेवढाच त्रास वाचेल."

तो हसला. बर्‍याच दिवसांनी हसला. बर्फ वितळवायला हमरस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकमागं गाडी धरून ती निवांत चालली होती. सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडायची आणि टरफलं कागदी कपात थुंकायची. पुढं निघायची घाई करणारी एक गाडी थोड्या वेळानं त्यांना खड्ड्यात चाकं वर करून पडलेली दिसली. तिचा मालक शेजारी उभा राहून फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. रोंडानं काच खाली करून त्याला लागलं-बिगलं नाही ना ते विचारलं, मगच पुढं गेली. दोन वाजता पोचायचं असताना ही बाई थांबते कशी, हा विचार ग्रेडीच्या मनात आला, आणि आला याची त्याला लाजही वाटली.

वाटेत पेट्रोल भरताना त्यानं कॉलेजात फोन केला. ऑफिसातल्या बाईनं सांगितलं की मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकच डॉक्टर बर्फातून पोचलेत, ते चारला निघणार, तोवर आलात तर दोघांचीही मुलाखत तेच घेतील.

"चला, तालीम करू," रोंडा म्हणाली. "मी विचारते. तुला डॉक्टर का व्हायचंय?"

ग्रेडीनं घडाघडा सांगितलं. विज्ञानाची आवड, लोकांच्या उपयोगी पडायची इच्छा, रुग्णालयात केलेली सेवा. सांगता सांगताच त्याला आपला आवाज विमानातल्या सूचनांसारखा वाटू लागला.

"बरं आहे," रोंडा म्हणाली. ती शिक्षिका होती, नापास मुलाशी कसं बोलायचं ते तिला ठाऊक होतं.

"तुम्ही काय सांगणार?"

तिनं एक बी फोडून टरफल कपात टाकलं. वायपर काचेवर घासत राहिले.

"मी ठरवलंय ते तुझ्यासारखंच आहे. खेड्यात डॉक्टर नाहीत, वगैरे. खरं कारण वेगळं आहे, ते नाही सांगणार." मग थोड्या वेळानं, समोरच बघत, तिनं ते सांगितलं.

तिला डॅरिल नावाचा धाकटा भाऊ होता. ती सतरा वर्षांची, तो चौदा. मक्याची पत्र्याची उंच कोठी असते, तिच्यात वरून उतरायचं तर कमरेला दोर बांधूनच, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. डॅरिल तसाच उतरला. खालून मका सुटला आणि तो छातीपर्यंत आत ओढला गेला. बाप माणसं गोळा करायला धावला. गावातला डॉक्टर त्याच वर्षी गाव सोडून गेला होता आणि दुसरा काही आला नव्हता. शहरातून मदत यायची होती. रोंडा आतल्या शिडीला लटकून भावाचा हात धरून होती.

"बोलत होता रे तो. श्वास सोडला की मका आणखी आवळायचा, तरी बोलत होता. मला म्हणाला, आईला सांगू नकोस मी दोर बांधला नव्हता. बस, तेवढीच काळजी त्याला. बोलणी बसतील म्हणून."

"मग?"

"मग काय. मदत आली तेव्हा नुसता हात होता माझ्या हातात. आणि मी नाही सांगितलं आईला. ती अजून समजते, दोर तुटला. नवऱ्यालाही ठाऊक नाही. गाडी चालवताना तोंडाकडे बघावं लागत नाही ना, म्हणून तुझ्याजवळ बोलले."

ग्रेडीला मनापासून वाईट वाटलं. खरोखरच वाटलं, त्यात काही खोट नव्हती.

"हे सांगा तिथं," तो म्हणाला. "रोंडा, खरंच. हे ऐकून तुम्हाला कोण नाही म्हणेल?"

"बघू," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

नॉर्थवेलला ते पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. ऑफिसातली बाई दारातच उभी होती. "आधी कोण?"

"याला घ्या," रोंडा म्हणाली. "पोरगं केव्हाचं टेकीला आलंय. मला जरा माणसात यायला वेळ लागेल." आणि बूट काढून पिशवीतले चांगले जोडे शोधू लागली.

आत डॉक्टर लिंडक्विस्ट एकटेच बसले होते. वय सत्तरीपलीकडचं, अंगात घरी विणलेला स्वेटर. आयुष्यभर खेड्यांत डॉक्टरकी केलेला माणूस. त्यांनी ग्रेडीची फाइल उघडलीसुद्धा नाही.

"गुण बघितलेत मी तुझे. सगळ्यांचेच चांगले असतात. मला एवढंच सांग, तू याच धंद्यात का पडतोयस? बाप दातांचा डॉक्टर आहे, त्याची खुर्ची सांभाळ की."

ग्रेडीनं तोंड उघडलं. विज्ञानाची आवड जिभेवर आलीच होती. म्हाताऱ्याची नजर तोवर खिडकीबाहेर वळली होती आणि ती ओहायोतल्या बाईसारखीच मऊ होती. असं बघणाऱ्या माणसाकडून काय निकाल येतो, ते त्याला आता पाठ झालं होतं.

"माझा एक मामेभाऊ होता," ग्रेडी म्हणाला.

पहिलं वाक्य तेवढं जड गेलं. उन्हाळ्यात मामाच्या शेतावर राहायला जायचो, असं त्यानं सांगितलं, आणि पुढं सगळं आपोआप येत गेलं. कोठी, मका, शिडी, हात. त्यानं फारसं काही बदललंही नाही. बदलायला वेळ कुठं होता? आणि बदलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. 'आईला सांगू नकोस' इथं आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चोरीच्या मालावर माणूस इतका जीव लावू शकतो, हे त्याला त्या दिवशीच कळलं असणार.

डॉक्टर लिंडक्विस्टनी चष्मा काढून स्वेटरला पुसला.

"हे तू अर्जात लिहिलं नाहीस."

"लिहिता आलं नाही."

"नसेल आलं," म्हातारा म्हणाला. निघताना त्यांनी ग्रेडीचा हात दोन्ही हातांत धरला, आणि तो काही लगेच सोडला नाही.

बाहेर रोंडा केस विंचरून, जोडे घालून, पाठ ताठ करून बसली होती. त्याला पाहताच उठली.

"कसं झालं रे?"

"ठीक."

"माणूस कसा आहे?" तिनं आवाज हळू केला. "ऐक ना, मी विचार करत होते. तू म्हणालास ते पटलं मला. सांगून टाकते डॅरिलचं. सतरा वर्षं तोंड बंद ठेवलं, आता जिथं उपयोग आहे तिथं तरी बोलावं. काय?"

ऑफिसातली बाई दार उघडून वाट बघत होती. ही आत जाऊन आता तेच सांगणार, तीच कोठी, तोच हात, तेच वाक्य, आणि म्हातारा ते ऐकून घेणार.

"नको," तो म्हणाला.

"नको? सकाळी तर तूच म्हणालास."

"सकाळी मी त्यांना बघितलं नव्हतं. त्यांना असलं आवडत नाही. म्हणाले, हल्ली सगळे घरातली मढी उकरून आणतात, मला वीट आलाय." त्याला स्वतःचाच आवाज सहज, खात्रीचा वाटला. "तुम्ही ठरवलेलंच बोला. खेड्यांत डॉक्टर नाहीत ते. नुसतं मुद्द्याचं."

रोंडाचा चेहरा क्षणभर पडला. मग तिनं त्याचा दंड दाबला.

"देव पावला बाबा. तू आधी गेलास तेच बरं झालं."

दार बंद झालं. ग्रेडी खुर्चीवर बसला. उठावं, दार ठोठावावं, काहीतरी करावं असं त्याला वाटलं, आणि वाटतच राहिलं. ऑफिसातल्या बाईनं कॉफी दिली ती त्यानं साखर घालून संपवली. कॉफी संपली आणि रोंडा बाहेर आलीसुद्धा.

गाडीवरचा बर्फ तिनंच खरवडला. तो मदत करायला गेला तर म्हणाली, "बस तू आत, सूट भिजेल." मग आत येऊन तिनं हातमोजे काढले, हीटर लावला आणि काच निवळायची वाट बघत बसली.

"लवकर झालं," ग्रेडी म्हणाला.

"हो ना. शाळेचं विचारलं, खेड्याचं विचारलं. मग एकदम म्हणाले, बाई, या वयात माणूस उगाच घरदार सोडून शिकायला निघत नाही. तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असं काही घडलंय का? सरळ विचारलं, डोळ्यांत बघून. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मग तुझं बोलणं आठवलं."

"काय सांगितलं?"

"म्हटलं, नाही, विशेष असं काही नाही." ती हसली. "त्यांनी फाइल मिटली. होत नाही बहुतेक माझं. पण निदान तिथं बसून भोकाड तरी पसरलं नाही, तेवढी अब्रू राहिली. तुझे उपकार."

ग्रेडी गुडघ्यांवरच्या फाइलकडे बघत होता. समोरची काच खालून थोडी थोडी निवळत होती.

"आणि एक," रोंडा म्हणाली. "मी उठले तेव्हा म्हातारा आपला स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, मघाच्या पोरानं एवढ्याशा वयात फार सोसलंय. काय ते नाही सांगितलं, मीही विचारलं नाही." ती त्याच्याकडे वळली. "सकाळभर मी तुझ्यापुढं माझंच रडगाणं गात बसले आणि तू एक अक्षर बोलला नाहीस. माफ कर मला. सांगावंसं वाटलं तर सांग, रस्ता लांब आहे. नसेल सांगायचं तर तसं."

"नको," ग्रेडी म्हणाला.

"कळतं मला," रोंडा म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग गाडी रस्त्यावर घेतली.