बरणीतली दोन नंबरची करवत

एल्डनकाका शेवटी बरणी ठेवून घराबाहेर पडला. हे तुम्ही अजून वाचलेलं नाही, असं समजा. काका आत आहे, दार बंद आहे, बरणी मांडीवर आहे.

सुरुवात तंबूत झाली. आमच्या ओरेगॉनच्या कोपऱ्यातली लाकूड-गिरणी सहा वर्षांपूर्वी बंद पडली, पण निवृत्त कामगारांच्या कानांत ती तिन्ही पाळ्या चालू होती. कुणाच्या कानात शिट्टी, कुणाच्या कानात रंधा. काका करवतींना धार लावायचा, त्यानं आपला आवाज लगेच ओळखला. "दोन नंबरची करवत. एक दात बोथट झालाय."

तंबू ठोकून प्रार्थनेनं दुखणी पळवणारा ब्रदर थर्लो आला, तेव्हा अख्खं गाव तंबूत लोटलं. त्याच्या मागे हत्तीएवढा पंखा घरघरत होता. पवित्र वारा, म्हणे. ब्रदरनं काकाच्या कानाला लोणच्याची रिकामी बरणी लावली आणि ओरडला, "नीघ, गिरणीच्या भुता! बरणीत बस! पाय आत घे!" झाकण फटकन लागलं.

"गेला!" काका रडायलाच लागला.

घरी पोचेपर्यंत करवत परत सुरू. फोनवर ब्रदर म्हणाला, "झाकण सैल असणार. बरणी नजरेआड करू नकोस. कान देऊन ऐक, आवाज वाढला की आवळ."

काका नऊ आठवडे आवळत बसला. नदीवर मासे पकडणं बंद, अंगणही बंद. संडासात जातानासुद्धा बरणी पट्ट्यानं पोटाला बांधलेली. जितकं ऐकावं तितका आवाज मोठा, आणि मोठा झाला म्हणून आणखी ऐकायचं. वेर्नाकाकू आधी हसली, मग भांडली, मग तिनं बॅग भरली.

"शनिवारी मी बहिणीकडे जातेय, एल्डन. ही बाटली नाहीतर मी."

"बरणी आहे ती," काका म्हणाला.

शुक्रवारी जुन्या कामगारांचे कान तपासणारी गाडी आली. गाडीत एक आवाजबंद खोली असते, आणि डीलिया नावाची तपासनीस. मी तिला सगळं सांगितलं. ब्रदरचा तंबू अजून गावातच होता, सभा भरलेली होती. ती तडक तंबूत गेली आणि तिनं पंख्याचा प्लग उपटला.

सामसूम. मग एकेक हात कानावर गेला. चाळीस माणसं, चाळीस गिरण्या.

"श्रद्धा कमी पडली तुमची!" ब्रदर गरजला. "माझे कान बघा, देवानं धुतलेत!"

"मग बसा माझ्या खोलीत पाच मिनिटं," डीलिया म्हणाली.

चौथ्या मिनिटाला आतून दार ठोठावलं गेलं. "ती शिट्टी कोण वाजवतंय?"

"कुणी नाही. इतक्या शांततेत बहुतेकांना काहीतरी ऐकू येतं. पंख्याच्या घरघरीत ते झाकलं जातं. एवढाच तुमचा चमत्कार."

ब्रदरनं हळूच विचारलं, "एखादी बरणी मिळेल का?"

संध्याकाळी डीलिया काकाच्या स्वयंपाकघरात बसली. "आवाज तुम्हाला खरंच येतो, एल्डन. करवतींनी कान दुखावलेत. पण तुम्ही घाबरून पहारा देता, म्हणून मेंदूला वाटतं, मोठाच धोका आहे. तो आवाज आणखी वाढवतो."

"कधी जाईल?"

"कदाचित जाणार नाही."

"ब्रदर निदान गोड तरी बोलायचा," काकू पुटपुटली.

डीलियानं खांदे सैल सोडायला शिकवलं, सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, कोपऱ्यात छोटा पंखा मंद लावून दिला. "सवय व्हायला आठवडे लागतील. आणि 'हा आवाज मला संपवणार' असं मनात आलं, की विचारायचं, पुरावा काय?"

काकानं बराच विचार केला. "एकतीस वर्षं त्या करवतीशेजारी बसून डबा खाल्ला. तेव्हा तर नाही संपवलं."

शनिवारी काकू गाडीत बॅग ठेवत होती. दार उघडलं. काका रिकाम्या हातांनी बाहेर आला.

"करवत चालू आहे," तो म्हणाला. "तरी येऊ का?"

"दोघंही या," काकू म्हणाली.

झटक्यात शांतता देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला आधी पंखा बंद करायला सांगा, आणि मग कान तपासून घ्या. मी माझ्या परीनं गिरणीच्या मालकांना अर्ज पाठवला आहे:

"विषय : कंपनीची मालमत्ता परत नेणेबाबत. महोदय, आपली दोन नंबरची करवत श्री. एल्डन रस्क यांच्या डाव्या कानात अद्याप चालू आहे. तरी ती कंपनीने स्वखर्चाने काढून न्यावी, आणि तोपर्यंत निदान त्या एका दाताला धार लावून द्यावी, ही विनंती."