टपावरची बाटली

गाडीच्या पुढच्या जाळीवरचा बैलाचा बिल्ला फडक्याने घासता घासता एल्व्हियो थांबला. कुणीतरी त्याला चक्क गाडीची किंमत विचारली होती.

"काका, काय अपेक्षा आहे तुमची?"

आवाज तरुण होता आणि कॉर्दोबाचा नव्हता. एल्व्हियो बेर्तोरेलोने फडकं खांद्यावर टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आल्ता ग्रासियाच्या तळ्याकाठी तीसएक तोरिनो गाड्या रांगेत लागत आणि दर वेळी कुणीतरी नवखा हा प्रश्न विचारीच. उत्तर त्याला पाठ होतं.

"ही तोरिनो आहे, पोरा. इथे कॉर्दोबात जन्मली. हिचे दरवाजे मी माझ्या हाताने बसवलेत. विकत घ्यायची गाडी हवी असेल तर दुकानात जा."

पोरगा हसला नाही.

"मग ती बाटली कशाला ठेवलीय?"

एल्व्हियोच्या देशात गाडी विकायची असली की कुणी पाटी लावत नाही. टपावर एक बाटली नाहीतर डबा ठेवला की भागतं, शेंबड्या पोरालाही कळतं. एल्व्हियोने टपाकडे पाहिलं. पांढरा टप, त्यावर सप्टेंबरचं ऊन, आणि नजर रोखावी तिथे मार्चपासून येऊन बसलेला तो धुरकट डाग. त्याने हात फिरवला. बोटांना प्लास्टिक लागलं.

घाट चढून आल्यावर इंजिन तापलं होतं. रेडिएटरमध्ये पाणी ओतून त्यानेच बाटली वर ठेवली होती. मग तो माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, प्यायला गेला, परत आला आणि गेला अर्धा तास त्याच बाटलीखाली उभा राहून मन लावून गाडी पुसत होता. आता त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या गप्पा मघाशीच बंद झाल्या होत्या. दुखवट्याच्या घरासमोरून जावं तशी माणसं त्याच्या गाडीसमोरून हळू आवाजात जात होती.

तोरिनोवाल्यांच्या क्लबचं सगळं बघणारी ग्रिसेल्दा जवळ आली.

"एल्व्हियो, तू? निदान आम्हाला आधी सांगायचंस रे."

विकतोय म्हणावं तर ते खोटं, आणि त्याच्या तोंडून तर जगबुडीच. विसरलो म्हणावं, तर कुणीही विचारणार, अर्धा तास डोळ्यांसमोर होती की. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला गाडी चालवायची नाही म्हणून बजावून सहा महिने झाले होते. त्याने ते लेकीलाही सांगितलं नव्हतं. परवान्याची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती. तो कागद त्याने स्वयंपाकघरातल्या खणात तळाशी सारला होता.

आणि समोर माणसं कोण, तर अकरा वर्षांपूर्वी इथेच जमलेली. तेव्हा त्याचा शेजारी नासारेनो लुदुएन्याने आपल्या निळ्या तोरिनोच्या टपावर तेलाचा डबा ठेवला होता. एल्व्हियोने सगळ्यांदेखत तो उचलून तळ्यात फेकला होता आणि म्हणाला होता, जो तोरिनो बाजारात उभी करतो तो उद्या बायकोलाही उभी करील. पुष्कळ जण हसले होते. नासारेनोची बायको देलिया त्या दिवशी इस्पितळात होती आणि गाडी तिच्याच उपचारांसाठी निघाली होती, हे एल्व्हियोला ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात ती गेली. एल्व्हियोने माफी कधीच मागितली नाही. त्याऐवजी तो दर महिन्याच्या त्या रविवारी नासारेनोला आपल्या गाडीत शेजारी बसवून आणू लागला, आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं त्याला मनातून वाटत राहिलं.

"मी ठेवली," मागून आवाज आला. नासारेनो होता. "जरा गंमत म्हटलं. याचं तोंड बघायचं होतं."

एका क्षणात गर्दी सैल झाली. हसू पसरलं. एल्व्हियोला फक्त गप्प राहायचं होतं. पण गप्प राहिलो तर खरं वाटणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बाटली हिसकून घेतली.

"लाज वाटते का रे, रेडिओ? तुझी गाडी गेली म्हणून आता माझ्या गाडीवर डोळा? फुकट बसवून आणतो त्याचे हे असे पांग फेडतोस?"

सगळे खो खो हसले. नासारेनोही हसला, पण त्याचं हसू इतरांच्या आधी संपलं. एल्व्हियोला चेहरे दिसत नसले तरी एवढं ऐकू आलं. आपल्याला वाचवायला आलेल्या माणसाला आपण त्याच जागी दुसऱ्यांदा उघडं पाडलं, हे त्याला तत्क्षणी कळलं, आणि तरी तो गर्दीबरोबर हसत राहिला.

परतायची वेळ झाली तेव्हा दोघे गाडीत बसले.

नासारेनोला रेडिओ म्हणत ते उगाच नव्हतं. गाडीत बसला की त्याचं तोंड मिटत नसे. तो बघ सायकलवाला, पोट बघ त्याचं. आला बघ वळणावरचा तो मेला खड्डा, अजून बुजवला नाही. सिग्नलपण लाल झाला, माझ्या सासूसारखा. एल्व्हियो वैतागून म्हणे, अरे, बंद कर ते स्टेशन. आज ते आपसूक बंद होतं.

पहिला गिअर पडला. गाडी तळ्याच्या कडेने शंभर मीटर गेली, दोनशे गेली. रस्त्याच्या कडा दिसत होत्या, झाडांचे शेंडे दिसत होते, आणि मधे जिथे रस्ता असायला हवा तिथे काहीच नव्हतं. कुणी पोट सुटलेला सायकलवाला नव्हता, खड्डा नव्हता, सिग्नल नव्हता. एल्व्हियोने ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत शिवी देऊन गेलं.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"समोर काय आहे ते."



"चौक आहे. एक म्हातारी कुत्रा घेऊन रस्ता ओलांडतेय."

इंजिन चालू होतं. एल्व्हियोने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ईस्टरपासून. तू ग्रिसेल्दाच्या नवऱ्याला ग्रिसेल्दा म्हणालास."

"आणि सहा महिने तू नुसता..."

"तू कुणाला सांगत नव्हतास. मग मी बडबड करत होतो."

एल्व्हियोला आपल्या मोठ्या मनाची आठवण झाली आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून चाचपत दुसऱ्या बाजूला गेला. नासारेनोला काही सांगावं लागलं नाही. तो उतरला, वळसा घालून स्टिअरिंगमागे बसला, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. त्याच्या हाताला अकरा वर्षांनी तोरिनोचा गिअर लागला.

"दार नीट लागलं नाही तुझं," तो म्हणाला.

वीस वर्षं कारखान्यात दरवाजे बसवलेल्या एल्व्हियोने दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. रिकामी बाटली त्याच्या पायांशी लोळत होती. ती उचलून त्याने मांडीवर घेतली.

"घरी?" नासारेनोने विचारलं.

"नाही. तळ्यावर परत घे. अजून गेले नसतील सगळे."

"कशाला आता?"

"ही कुणी ठेवली ते सांगायचं राहिलंय."

नासारेनोने किल्ली फिरवली नाही.

"एवढंच सांगणार आहेस?"

"नाही," एल्व्हियो म्हणाला. "देलियाचंही राहिलंय."

नासारेनोने समोरच्या काचेतून रस्ता पाहिला. म्हातारी आणि तिचा कुत्रा केव्हाच पलीकडे पोचले होते, पण त्याने ते सांगितलं नाही. मग त्याने गाडी चालू केली आणि परत वळण्यासाठी डावा दिवा लावला.