पाहुण्यांसाठी उपसलेलं बावखल

काळं.

बावखलाचं पाणी काळं होतं, आणि निदान शनिवारपर्यंत तरी हेमांगीला ते काळंच हवं होतं.

गिरीज गावच्या वाडीतलं हे गोड्या पाण्याचं तळं. याच्यावर केळी पोसल्या, नारळ उंच झाले, घरातल्या नवऱ्या न्हाल्या. मग पलीकडे इमारती आल्या आणि त्यांच्या सांडपाण्याचा पाइप गुपचूप काठाशी येऊन टेकला. आता घरच्या विहिरीच्या पाण्याचा चहासुद्धा वास मारतो. पालिकेच्या ऑफिसात गेलं की म्हणतात, पाइप खासगी आहे. इमारतवाले म्हणतात, बिल्डरला विचारा. आणि बिल्डर

(त्याचा फोन लागत नाही. वाक्य तिथेच राहिलं.)

नवरा देवेंद्र म्हणाला, "भराव टाकून बुजवू या. निदान डास तरी जातील."

हेमांगीने मुदत मागून घेतली. नासलेली तळी वाचवायला मुंबईची एक संस्था अनुदान द्यायची. पाइप वळवण्यापुरते पैसे त्यातून सुटले असते. तिने अर्ज केला. निरोप आला, शनिवारी येऊन पाण्याचा नमुना घेऊ. नाही जमलं तर रविवारी भरावाचा डंपर, असं देवेंद्रशी ठरलं.

सासऱ्यांना ती म्हणाली, "अप्पा, शनिवारी बावखल बघायला माणसं यायचीत."

एवढंच म्हणाली. बँकेत मार्चअखेर होती. घरी यायची ती अंधार पडल्यावर.

निवळ.

शनिवारी संस्थेच्या ऋतिका मॅडमना घेऊन ती मागच्या दारी गेली.

काळं पाणी उपसलेलं. तळाचा गाळ केळींच्या बुंध्याशी. पाइपच्या तोंडावर वाळूच्या गोणी, गोणींवर झेंडूच्या कुंड्या. शेजारच्या सालोमीच्या शेतातल्या चांगल्या विहिरीतून आणलेल्या पाण्यात नारळांचं प्रतिबिंब हलत होतं. काठावर धुवट सदऱ्यातले अप्पा. हातात कोयता, पुढ्यात शहाळी.

"बघते काय?" सालोमी म्हणाली. "अख्खी आळी राबली. लग्नाच्या पाण्याला करतो तसं केलं."

"सालोमी, अगं घाण दाखवायची होती!"

"पाहुण्यांना? लाज नाय वाटत?"

ऋतिकाने बाटली बुडवली, यंत्राची कांडी पाण्यात धरली. आकडा बघून ती खुलली. "काका, फारच छान राखलंय तुम्ही."

"घ्या, शहाळं घ्या!" अप्पांची छाती सदऱ्यात मावेना.

हेमांगीने मोबाइलवरचे फोटो दाखवले. फेस, मेलेले मासे, पाइप. ऋतिकाने सगळे बघितले, अगदी मनापासून बघितले.

"ताई, कळतंय मला. पण नमुना आजचाच धरतात."

"गोणी काढते. तासभर थांबा."

"माझ्यासमोर घाण सोडणार? तेही लिहावं लागेल मला." तिने शहाळं संपवलं. पुढचं तळं जूचंद्रला होतं.

निवळ, थोडं गढूळ.

गाडी गेली. अप्पा कोयता पुसत म्हणाले, "काय म्हणाली पोर? पास ना?"

हेमांगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. गाळाने नखं काळी झाली होती. या वयात हा माणूस कमरेएवढ्या घाणीत उतरला होता. काय सांगायचं याला? की अप्पा, तुम्ही

की तुम्हीच

"आवडलं त्यांना," ती म्हणाली.

काळं.

संध्याकाळी पलीकडच्या सगळ्या घरांतले नळ एकदम सुटले. गोणी आधी फुगल्या, मग एक सरकली. कुंडी पाण्यात पडली. काळी जीभ नारळांच्या प्रतिबिंबावरून सावकाश पुढे आली. हेमांगीने गोण परत रेटली, पाठ लावून उभी राहिली. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत आलं. ओटीवर देवेंद्र फोनवर उद्याच्या डंपरची वेळ ठरवत होता.

अप्पा काठीने झेंडू काठाला ओढत होते.

"परत येतील ना गं त्या मॅडम?" ते म्हणाले. "पुढच्या वेळी दोन दिवस आधी सांग म्हणावं. आणखी चांगलं करून ठेवू."