अदृश्य गडी

साहित्य : सुतळीचा तुकडा, लाकडाची ढलपी

“सुतळी आहे का तुझ्याकडे?” कॉलीनने विचारले.

हार्लन लेम्के खुर्चीतून अर्धवट उठला. जाड कोटाच्या खिशात हात घालून त्याने स्वयंपाकघरातल्या सुतळीचे रीळ काढले आणि टेबलावर ठेवले. दुसऱ्या खिशातून मेपलची ढलपी काढली. ती त्याने चाकूने तासून गुळगुळीत केली होती.

सगळ्यांनी ढलपीकडे पाहिले. मग ड्वेन हसायला लागला.

“अरे बाबा, तुझ्याकडे म्हणजे खेळातल्या तुझ्या मांत्रिकाकडे. कागदावर लिहिलेलं असलं की झालं.”

“मला वाटलं, आणावं लागतं.”

“मग मी खरी कुऱ्हाड आणू काय?”

“ड्वेन, तू पहिल्या दिवशी हॉकीचं शिरस्त्राण घालून आला होतास,” पाकू म्हणाली.

“बाहेर थंडी होती.”

“आत आल्यावरही दोन तास काढलं नाहीस.”

हार्लनने सुतळी आणि ढलपी परत खिशात टाकली. कान लाल झाले होते, पण ते बाहेरच्या थंडीनेही असतील. वॉसॉ गावात जानेवारीत सगळ्यांचेच कान लाल असतात.

“तर मग,” कॉलीन म्हणाली, “टाकतोयस मंत्र?”

हार्लनने समोरच्या कागदाकडे पाहिले.

“नको. राहू दे. पुढे लागला तर?”

लागणारा वेळ

तो या टेबलावर आला तो कोडी द्यायला. बहीण लोर्ना मार्चमध्ये गेली. तिच्या मागे जिगसॉच्या, म्हणजे तुकडे जुळवून चित्र लावायच्या कोड्यांची खोकी उरली होती. गिरण्या, दीपगृहे, टोपलीतली मांजरे. नेहमी ती एकटीच लावत बसायची. उन्हाळाभर ती खोकी जिन्याखाली पडून राहिली. शेवटी त्याने ती गाडीत घातली आणि नदीपलीकडच्या खेळांच्या दुकानात नेली. दुकानाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी हा खेळ चाले : प्रत्येकाने कागदावरचे एक पात्र व्हायचे आणि फासे टाकत एकच गोष्ट पुढे न्यायची. तो चालवायची कॉलीन. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तिने खोकी घेतली, त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाली, “बैस. आमच्यात मांत्रिक नाहीये.”

ड्वेन पोस्टमन. त्याचा योद्धा ग्रिम्सन कुऱ्हाड घेऊन सगळ्यात पुढे असे. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या पाकूची होती चोरटी नेटल, कुलपे उघडणारी. दोघांच्या शिशाच्या बोटभर पुतळ्या नकाशावर उभ्या असत. हार्लनचे होते कोटाचे बटण. नवा माणूस आधी पाहुणा. सगळ्यांनी हो म्हटले की त्याला पुतळी मिळायची आणि कपाटाच्या फळीवर जागा. एकाने जरी मान डोलावली नाही तरी पाहुणा पाहुणाच. पाकूने केव्हाच हो म्हटले होते. ड्वेन म्हणे, “बघू.”

मांत्रिकाचे नाव काय, असे विचारल्यावर हार्लनने “हार्लन” असेच लिहिले होते.

“स्वतःचंच नाव देतं का कुणी?” ड्वेन.

“लक्षात राहील म्हणून.”

नियम त्याला ड्वेननेच शिकवले, पाव खात खात, बोटावर मोजून. मांत्रिकाकडे पोथी असते. पोथीत मंत्र पुष्कळ, पण नवशिक्याच्या डोक्यात एका दिवसाला मावतात दोनच. खेळातली सकाळ झाली की पोथी उघडायची आणि आजचे दोन ठरवून डोक्यात धरायचे. मग तोंडाने शब्द, हाताने खूण आणि काही मंत्रांना साहित्य. एकदा टाकला की गेला. रात्रभर झोप झाल्याशिवाय डोके पुन्हा भरत नाही.

“आणि झोप नाही झाली तर?” हार्लनने विचारले होते.

“तर दुसऱ्या दिवशी तू नुसता झगा घातलेला म्हातारा.”

पाकूने ड्वेनला टेबलाखालून लाथ मारली. हार्लन मात्र हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

पल्ला : साठ फूट

पोथीसाठी मंत्र निवडायचे होते तेव्हा ड्वेनने निद्रामंत्र सुचवला. एका फटक्यात समोरची टोळी झोपते. नवशिक्याला यापेक्षा मोठे काही नाही. हार्लनने तो घेतला, ढाल घेतली, आणि पाने चाळता चाळता एका ठिकाणी थांबला.

अदृश्य गडी. दिसत नाही, बोलत नाही. मांत्रिकाच्या साठ फुटांत राहून सांगितलेले काम करतो. झाडतो, घड्या घालतो, चूल पेटवतो, टेबल मांडतो, पेला भरतो. लढू शकत नाही. एक टोला बसला की संपला. नाहीतर एका तासाने आपला आपण.

“हा.”

“हा?” ड्वेन म्हणाला. “भुयारात राक्षस अंगावर आला की हा काय करणार, रुमाल देणार?”

“असू दे.”

“पण का?”

हार्लनने त्या पानावर खूण केली. तो जन्मभर जिल्ह्याचा बर्फाचा नांगर, रस्त्यावरचा बर्फ पात्याने ढकलणारी गाडी, चालवत आला होता. उजाडायच्या आधी रस्ते मोकळे करायचे, लोक उठायच्या आत परत यायचे. तो उठे तेव्हा दाराशी थर्मास असे, शेजारी कागदात गुंडाळून सुतळीने बांधलेला डबा. लोर्ना परत झोपलेली असे. तो परतून झोपे तेव्हा ती चर्चच्या हॉलवर कामाला गेलेली असे, आणि टेबलावर ताट झाकलेले. कडक हिवाळ्यात एका घरात राहून आठवडा आठवडा दोघांची गाठ पडत नसे. यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नाही.

त्यानंतर खेळातल्या प्रत्येक सकाळी त्याने गडी डोक्यात धरला. आणि प्रत्येक शनिवारी तो न वापरता घरी नेला.

साहित्य, पुन्हा

मग पुढच्या एका शनिवारी ते पडक्या मठाच्या तळघरात होते. पाकूने घरचे एग रोल आणले होते, ड्वेनने चीजचे तळलेले गोळे, आणि कॉलीनने नकाशावरचा कागद बाजूला केला तेव्हा सगळ्यांचे हात ताटलीतच थांबले. बुटक्या राक्षसांची अख्खी टोळी.

नेटल पहिल्याच झटापटीत दारापलीकडे, टोळीच्या पायांशी पडली. पाकूने पुतळी आडवी केली. आता दर खेपेला ती फासा टाकणार, आणि तीनदा आकडा उणा पडला की नेटल मेली. ग्रिम्सन दारात उभा राहून एकट्याने टोळी अडवत होता.

“हार्लन,” ड्वेन म्हणाला, “आता. झोपव त्यांना.”

हार्लनने नकाशावरचे आपले बटण बोटाने फिरवले.

“हार्लन.”

“तो धरलेला नाही.”

“काय धरलंयस मग?”

“ढाल. ती मघाशी गेली. आणि गडी.”

ड्वेनने हातातला फासा हळूच खाली ठेवला. ओरडला असता तर बरे, असे हार्लनला वाटले.

“मी तुला सांगितलं होतं,” ड्वेन म्हणाला. “पहिल्याच दिवशी.”

पाकूने फासा टाकला. दुसऱ्यांदा उणा. तिने ओठ दाबले आणि पुतळीवरची धूळ बोटाने पुसली. ही नेटल तिने कॉलेजात असताना केली होती.

“तुझी पाळी आहे, हार्लन,” कॉलीन म्हणाली. “काय करतोस?”

हार्लनचा हात खिशात गेला होता. सुतळी बोटांना लागली.

“ग्रिम्सनच्या पडशीत औषधाची कुपी आहे ना?”

“आहे. पण तो दारातून हलू शकत नाही.”

“पडशी माझ्याजवळ आहे. मघाशी त्याने टाकली ती.” तो थांबला. “गडी पेला भरतो असं लिहिलंय. मग कुणाच्या तोंडात ओतेल का?”

कॉलीनने ड्वेनकडे पाहिले. खेळ ती चालवत असली तरी नियम त्याला तोंडपाठ. तो नाही म्हणाला असता तर नाही.

“वाइन ओततो,” ड्वेन म्हणाला. नकाशाकडे बघत. “वाइन ओततो तर औषध ओतेल.”

हार्लनने सुतळी आणि ढलपी टेबलावर ठेवली. या वेळी कुणी हसले नाही. गड्याने कुपी उचलली, राक्षसांच्या पायांतून नेली आणि नेटलच्या ओठांना लावली. पाकूने पुतळी उभी केली. पुढच्याच क्षणी एका राक्षसाची गदा हवेतच कशाला तरी लागली आणि गडी संपला.

“किती वेळ होता?” हार्लनने विचारले.

“कोण?”

“गडी.”

“एवढाच,” कॉलीन म्हणाली.

नेटल सरपटत दाराच्या आत आली, आणि ती आणि हार्लन तळघराच्या छताजवळच्या खिडकीतून निसटले. ग्रिम्सन दारात पडला. ड्वेनने शेवटचा फासा टाकला, आकडा पाहिला, आपला कागद मधोमध दुमडला. मेलेल्याची पुतळी दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवायची पद्धत होती. तो स्वतः जाऊन ठेवून आला आणि कोट चढवून बाहेर पडला. 

पाकूने हार्लनपुढे एग रोलची ताटली सरकवली. “घ्या. गार झालेत, पण घ्या.”

विशेष

दुकानामागच्या आवारात ड्वेन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. हार्लन आपल्या गाडीकडे न जाता त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला.

“मी येणार नाही पुढच्या शनिवारी,” हार्लन म्हणाला.

ड्वेन खरवडतच राहिला.

“तो गडी,” ड्वेन म्हणाला, “डोक्यात धरावाच लागत नाही. माहितीय?”

“म्हणजे?”

“पोथी उघडून सावकाश वाचायचा. दहा मिनिटं जास्त लागतात, बस. फुकट येतो. रोज आला असता. आणि डोक्यात निद्रामंत्र राहिला असता.”

हार्लनने यावर विचार केला.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“कोण सांगणार? मीच शिकवत होतो.” ड्वेनने खरवडणी झटकली. “तुझा गडी मला फालतू वाटला. म्हणून त्याचं पान मी वाचून दाखवलंच नाही.”

रस्त्यावरून नांगर गेला. दोघांनी मान वळवून पाहिले. पाते जरा वर धरले आहे, हे हार्लनच्या लक्षात आले.

“बारा वर्षं होता ग्रिम्सन,” ड्वेन म्हणाला आणि गाडीत बसला. काच खाली केली. “शनिवारी ये. बटण आणू नकोस.”

मुदत : एक तास

मार्चपासून हार्लन मोरीपाशी उभा राहून जेवत होता.

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातला दिवा लावला. टेबलावर सुतळी ठेवली, तिच्याजवळ ढलपी. खुर्ची ओढून बसला. मंत्राचे शब्द पोथीत दिलेले नसतात, ज्याचे त्याने ठरवायचे असतात. त्याला काही सुचले नाही. तो नुसता बसून राहिला. फ्रिज गुरगुरला, थांबला. दहा मिनिटे झाली असतील.

मग तो उठला. टेबलावर घालायचा कपडा कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हते. पहिल्या खणात चमचे. दुसऱ्यात मेणबत्त्या, जुन्या चाव्या, सुतळीची आणखी दोन रिळे. कपडा सगळ्यात खालच्या खणात होता, निळ्या काठाचा, इस्त्री केलेला. त्याने तो अंथरला. ताट ठेवले, काटा डावीकडे, सुरी आणि चमचा उजवीकडे. कॉफी ओतली. सूप गरम केले आणि बसून खाल्ले, सावकाश.

खाऊन झाल्यावरही तो बसून राहिला. बाहेर पूर्ण अंधारले तेव्हा त्याने भांडी धुतली, पुसली, जागच्या जागी ठेवली. कपडा उचलला. लोर्नाने पाडलेल्या घड्या अजून दिसत होत्या. त्यांवरूनच घडी घालायला गेला, ती चुकली. उलगडून पुन्हा घातली. या वेळी कडा जुळल्या.

खालचा खण त्याने पायाने हळूच लोटून बंद केला.