ग्रीझेनबेर्गच्या शिवेचा दगड

मित्रांनो, कमरेपर्यंत मातीत रुतलेला मी एक जुना शिवेचा दगड आहे. प्रशियाच्या राज्यात ग्रीझेनबेर्ग हा लहानसा ग्रामीण जिल्हा नवा झाला, तेव्हा मोजणीदारांनी मला खाणीतून आणून इथे रोवले. अंगावर जिल्ह्याचे नाव कोरले. पलीकडे शेजारचा जिल्हा. अलीकडे ब्रुखडॉर्फ गावचे गायरान आणि गुरांचा एकुलता एक झरा.

जिल्हाधिकारी आले, गेले. मी जागचा हललो नाही. बटाटे निघाले की गाव वाजतगाजत शीव फिरायचे. पहिल्यांदा आलेल्याला चौघे उचलत आणि तीनदा माझ्यावर आपटत! जागा जन्मभर लक्षात राहावी, म्हणून ही रीत. तेव्हा मला केवढा मान होता!

मग १९३२ साल उजाडले. खर्च वाचवायला सरकारने दोन्ही जिल्हे एक केले. माझ्या जिल्ह्याचे नावच पुसले गेले. मला फार वाईट वाटले. त्यातच नव्या नकाशात आमचे गायरान पलीकडच्या जमीनदाराकडे गेले आणि फॉसकूल नावाचे कारकून पहार घेऊन मला उपटायला आले.

गुरे राखणारी गेझिना आजी धावत आली आणि माझ्यावरच ठाण मांडून बसली.

"उठा आजी. जिल्हाच उरला नाही, आता दगड कशाला?"

"जिल्हा तुमचा होता, साहेब. शीव आमची आहे. झरा गेला तर गुरांना काय तुमची शाई पाजू?"

"कागद आहे?"

"कागद तुमच्याच कचेरीनं हरवला. सात वर्षांची होते, तेव्हा इथंच आपटलं होतं मला. अजून विसरले नाही!"

तिने हाळी दिली. सारे गाव जमले. जो तो म्हणू लागला, "मलाही इथंच!"

फॉसकूल वैतागले. "सगळे गावचेच! बाहेरचा एक तरी साक्षीदार आहे का?"

आजीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "साहेब, या शिवेवर पहिल्यांदाच आलात ना?"

चौघे पुढे सरसावले. एक, दोन, तीन!

फॉसकूल लालबुंद होऊन उठले, बुडावरून हात फिरवला आणि स्वतःच हसू लागले. "बरं बाई, झालो साक्षीदार!" त्यांनी माझी जागा मोजली, नकाशावर खूण केली आणि खाली सही ठोकली. झरा गावाकडेच राहिला.

मित्रांनो, आता माझी अक्षरे झिजली आहेत. अंगावर शेवाळ चढले आहे, लोक माझ्यावर बुटांचा चिखल पुसतात. पुसू देत. पण वर्षातून एकदा तुम्ही इथवर चालत या, काटेरी झुडपे तोडा आणि आपले गायरान कुठवर आहे ते डोळ्यांनी बघा. माझे मी बघतो. मी इथून हलणार नाही.