जुन्या नेटवर्कला नवी नजर

रुग्णालयाचं नेटवर्क दोघी बहिणींतल्या थोरलीनं स्वतः उभं केलं होतं. छताच्या पोकळीत शिरून केबल ओढण्यापासून मजल्यामजल्यावरचे राउटर लावण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं. त्यामुळे ते नव्या पद्धतीनं बदलायला व्यवस्थापनानं तिच्याच सख्ख्या धाकट्या बहिणीला नेमलं, तेव्हा आनंद मानावा की धसका घ्यावा हे तिला कळेना.

अडचण खरीच होती. जुने राउटर आपापल्या अकलेनं चालायचे. माहिती पुढे पाठवताना प्रत्येक जण जवळचा रस्ता धरायचा आणि सगळे मिळून एकाच केबलवर गर्दी करायचे. नव्या इमारतीतून स्कॅनच्या प्रतिमा येऊ लागल्यापासून ती केबल भरदुपारी तुंबायची आणि लांबच्या वाटेच्या केबल नुसत्या पडून असायच्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पडद्याकडे बघत ताटकळायचे.

धाकटीचं म्हणणं सरळ होतं. जुनं सगळं काढायचं, रस्ते ठरवायचं काम एकाच सॉफ्टवेअरकडे द्यायचं. त्याला सगळं नेटवर्क एका नजरेत दिसतं. यंत्रांनी फक्त सांगितलेलं ऐकायचं. ते सॉफ्टवेअरच बंद पडलं तर काय, आणि यंत्रं बदलून होईपर्यंत रुग्णांना घरी पाठवायचं का, असं थोरलीनं विचारलं. वाद घरी पोहोचला. दोघी खाली मान घालून जेवू लागल्या, तेव्हा आईनं सुनावलं, की जगाचं बोलणं जोडायचा पगार घेता आणि इथे मीठसुद्धा माझ्यामार्फत मागता.

चारेक दिवसांनी धाकटी खुर्ची ओढून थोरलीच्या टेबलाशी येऊन बसली.

"ताई, तुझे राउटर एकमेकांशी कसे बोलतात ते सांग. पुस्तकातलं नको. इथले, आपले."

'आपले' या शब्दानं थोरलीचा निम्मा राग तिथेच उतरला. कुठला राउटर हट्टी, कुठला बंद पडला की उठायला वेळ लावतो, ती सांगत गेली. ऐकता ऐकता धाकटीनं एका जुन्या मांडणीतली चूक दाखवली; ती थोरलीच्या नजरेतून वर्षानुवर्षं निसटली होती. थोरलीचं तोंड एवढंसं झालं, मग तिला हसू आलं.

त्यातून मधला मार्ग निघाला. मोक्याच्या चार-दोन जागीच नवी यंत्रं बसवायची. सॉफ्टवेअरनं जुन्या राउटरांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, शेजारचाच एखादा राउटर बोलतोय असं त्यांना वाटेल, आणि स्कॅनच्या प्रतिमांपुरता रस्ता सुचवायचा. बाकीचा कारभार जुन्यांकडेच. सॉफ्टवेअर गप्प झालं तरी जुने आपल्या अकलेनं काम चालू ठेवतील. रुग्णालय एक दिवसही बंद न ठेवता दोघींनी ते बसवलं.

आणि मग एका सकाळी फाटकाबाहेर रस्ता खोदणाऱ्यांनी नव्या इमारतीकडून येणारी मुख्य केबलच तोडली. नेटवर्कच्या खोलीतल्या पडद्यावर एक रेघ लाल झाली. वर शस्त्रक्रिया चालू होती. थोरली पडद्याशी धावली. जुने राउटर सवयीप्रमाणे वळले आणि सगळे उरलेल्या जवळच्या वाटेवर जाऊन आदळले. ती वाट भरू लागली तोच सॉफ्टवेअरनं स्कॅनच्या प्रतिमा लांबच्या, मोकळ्या केबलवर वळवल्या. गर्दी ओसरली. धाकटी हाताची घडी घालून बघत होती. तिला कशाला हात लावावा लागला नाही.

तरीही थोरलीला राहवेना. ती जिने चढून शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं सर्जनबाई मास्क काढत बाहेर आल्या, तिला पाहून थबकल्या.

"तुम्ही इथे? काही बिघडलंय का?"

"बिघडलं होतं," थोरली म्हणाली. "तुम्हाला कळलं नाही ना?"

बाईंनी आठवून पाहिलं. पडदा एकदाही अडकला नव्हता. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं या प्रश्नावर थोरली "होतं आपोआप" म्हणून मोकळी व्हायची. आज तिनं मान ताठ केली.

"मी आणि माझ्या बहिणीनं. चला खाली, ओळख करून देते."

बाई खरंच तिच्या मागोमाग जिना उतरू लागल्या.