दोनदा बेल

अर्धांगवायूने माझी वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. कान मात्र शाबूत राहिले. ही साधी गोष्ट कोलशेतात कुणाच्या डोक्यात शिरली नाही. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असा आमच्या गावाचा शोध. माणसं भेटायला यायची, माझ्या कानाशी "बरं हाय ना, पंढरीशेट?" असं कोकलायची आणि मग मागे टेकून, माझ्यादेखत, एकमेकांना विचारायची, "डॉक्टर काय बोलतो? किती दिवस काढतील?"

माझा मुलगा गोविंदा या सगळ्यांचा शिरोमणी. जमीन विकून त्याने बंगला बांधला. बिल्डरने दिवाळीला दिलेली डिजिटल डायरी तो शर्टाच्या खिशात घालून मिरवायचा. तिच्यात त्याने एकच फोन नंबर भरून घेतला होता, तोही स्वतःच्या घरचा. त्यापुढे अक्कल चालली नाही.

त्याची मुलगी तुळसा ठाण्याला कॉलेजात जाते. या घरात अक्कल कुठून आली म्हणावं, तर तिच्या आईकडून. तुळसाने ती डायरी बापाकडून माझ्यासाठी मागून घेतली. मी कारखान्यात टाइमकीपर होतो, इंग्रजी अक्षरं मला येतात. मराठीच लिहायचं, पण त्या अक्षरांत. अडचण एवढीच की डायरीची बटणं मसुराच्या दाण्याएवढी, आणि माझ्या डाव्या हाताची बोटं जुन्या संधिवाताने मिटलेलीच राहतात. हलते ती फक्त मूठ. एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटायची.

मग तुळसा ती डायरी घेऊन वर्तकनगरला त्र्यंबककडे गेली. हा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो आणि तोंड कधी बंद ठेवत नाही. त्याने डायरी उघडून आत बारीक तारा जोडल्या, त्या बाहेर काढून प्लायवुडच्या फळीपर्यंत आणल्या, आणि फळीवर दाराच्या बेलची बटणं ठोकली. एका अक्षराला एक बटण, पुसायला एक वेगळं. क्यू आणि एक्स गाळले, मराठी माणसाला ते कशाला लागतात म्हणे. फळी माझ्या मांडीवर ठेवायची, मुठीने बटण दाबायचं, की डायरीत अक्षर उमटतं. खालच्या कोपऱ्यातलं तांबडं बटण खऱ्या बेलचं, ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, वायर घरभर पोचेल एवढी लांब. एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही. "जपानवाल्यांना जमलं नाय ते मी केलं," असं त्र्यंबक अजून सांगत फिरतो. आयुष्यात एकदा खरं बोलला, बोलू दे.

माघात आंबिवलीची माणसं तुळसाची सुपारी फोडायला आली. तुळसाची अट एकच होती, कॉलेज पुरं करू द्यायचं. नवरा मुलगा हरेश सगळ्यांसमोर "शिकू दे की" म्हणाला होता, आणि गोविंदा तेवढ्यावर विरघळला होता.

मटणावर आडवा हात मारून हरेश आणि त्याचा मामा काळुराम पडवीत आले. माझी खाट तिथेच. फळी आत दिवाणखान्यात होती, गोविंदाने ती पाहुण्यांना दाखवायला शोकेसवर मांडली होती.

"दोन वर्सं कॉलेजला धाडनार तिला?" काळुरामने विचारलं.

"येड लागलंय का, मामा? सुपारी फुटू दे एकदा. मग कसलं कॉलेज नि कसलं काय. चुलीपाशी बसली की इसरंल."

"हलू बोल. म्हातारा हाय."

"त्याला काय कलतंय?" हरेश म्हणाला, आणि बोटाचा चुना त्याने माझ्या खाटेच्या पायाला पुसला.

माझं रक्त तापलं. पण तापलेल्या रक्ताला तोंड नव्हतं, आणि फळी आत होती.

थोड्या वेळाने मला खुर्चीवर बसवून आत नेलं, घरातला वडील म्हणून. काळुरामने सुपारी अडकित्त्यात धरली होती. मी फळीकडे मान केली. गोविंदाची छाती फुगली. त्याने फळी माझ्या मांडीवर ठेवली आणि पाहुण्यांना सगळं समजावून सांगितलं, बेल एकदा म्हणजे काय आणि दोनदा म्हणजे काय हेसुद्धा. "असं मशीन ठाण्यात कुनाकडं नाय. बाबा, आशीर्वाद द्या."

मी एकेक बटण दाबत गेलो. दर अक्षराला डायरी टुकटुक करायची. घाम सुटला. मूठ एकदा घसरली, ते अक्षर पुसावं लागलं.

"मुहूर्त टलंल," काळुराम म्हणाला. मी थांबलो नाही.

झालं तशी गोविंदाने डायरी उचलली, डोळे बारीक करून पाहिली आणि हरेशच्या हातात दिली. "तुम्ही शिकलेले, तुम्हीच वाचा, जावईबापू."

हरेशने वाचलं. मानेवर लाली चढली. "आशीर्वाद देतात," तो म्हणाला. "सुखी राहा म्हनतात."

बाया कौतुकाने कुजबुजल्या. काळुरामने अडकित्ता आवळायला घेतला. मी तांबडं बटण दाबलं. दोनदा.

दोघातिघांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुळसाने हरेशच्या हातातून डायरी ओढून घेतली आणि मोठ्याने वाचलं, "पोरगा खोटा. कॉलेज बंद करणार."

"पोरगी मनाचं वाचते," काळुराम म्हणाला. "तिला लगीनच करायचं नाय."

माझी सून सगुणा उभी राहिली. पाहुण्यांपुढे ती कधी तोंड उघडत नाही. "बाबा, तुलसाने वाचलं ते खरं?"

मी एकदा वाजवली.

"पाव्हन्यांनी वाचलं ते?"

दोनदा.

"तुम्ही खाटेपाशी काय बोललात?" तिने हरेशला विचारलं.

हरेशने मामाकडे पाहिलं, मामाने छताकडे. "म्हाताऱ्याला ऐकू येतं," हरेश म्हणाला, "हे आमाला कुनी सांगितलं नाय."

सगुणाने काळुरामच्या अडकित्त्यातून सुपारी काढून घेतली आणि पदराला बांधली. पाहुणे उठले. मटण मात्र त्यांच्या पोटात गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुळसा कॉलेजला जाते. गोविंदा माझ्याशी बोलत नाही. मी इज्जत घालवली म्हणतो, जणू कुणी त्याच्याकडे ती ठेव म्हणून ठेवली होती. भेटायला येणारे आता कानाशी कोकलत नाहीत. पडवीत शिरताना आधी माझ्या मांडीवर फळी आहे का बघतात आणि जपून बसतात. गोविंदाला काही गुपित बोलायचं असलं की तो गच्चीवर जातो. या घराला पुन्हा माझी भीती वाटू लागली आहे, आणि मला फार बरं वाटतं.